शिवसागरात जेट की पंखा?

तापोळा-बामणोलीकडे कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात हौसेची बोट घालायची असेल तर मी पंख्याचीच, म्हणजे पाण्याखाली फिरणाऱ्या पात्याची (प्रोपेलरची) घेईन. पाणी खोल, फेरी लांब, वेग बेताचा. अशा चालीत पंखा जेटपेक्षा कमी इंधन खातो, दुरुस्तीही सोपी. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की मात्र काठचे खडक पात्याला भिडतात.

जेटला बाहेर पातंच नसतं. तळाच्या जाळीतून पाणी ओढायचं आणि मागे जोरात फेकायचं. न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांनी १९५०च्या दशकात उथळ नद्यांसाठीच हे तंत्र पुढे आणलं. पोहणाऱ्यांजवळ जेट जास्त सुरक्षित. पण सांगलीत कृष्णेवर जलपर्णी आली की जाळी तुंबणार, वाळूने आतला इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं चक्र, झिजणार. शिवाय थ्रॉटल सोडला की जेटची बोट नीट वळत नाही, आणि नवखा माणूस घाबरला की आधी तोच सोडतो!