निपल पिअर्सिंग: वर्ष होत आलं, आता लिहायला हरकत नाही

सगळ्याजणी आधी विचारतात, "दुखतं का गं?" दुखतं. जोरात कळ येते आणि मिनिटाभरात ओसरते. विचार करायचा तो सुईचा, दागिन्याचा आणि पुढच्या महिन्यांचा.

ठाण्यात कान टोचून देणारे हवे तेवढे, पण गनवाल्यांकडे यासाठी जाऊच नका. प्लॅस्टिकची गन ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेनं जंतू मारायचं यंत्र) घालता येत नाही, वर बोथट टोक मांसातून रेटते. एका ठिकाणी "सर्जिकल स्टीलच चालतं" म्हणाले, तिथून मी परत फिरले. त्यात निकेल असतं आणि मला खोट्या कानातल्यांनीही खाज सुटते. शेवटी वाशीतला स्टुडिओ धरला. तिथल्या मुलीनं ऑटोक्लेव्हचे स्पोअर टेस्ट रिपोर्ट (यंत्र खरंच जंतू मारतं का, त्याची तपासणी) न कुरकुरता दाखवले, आधार कार्डावर वय पाहिलं. मधुमेह, रक्त पातळ करायच्या गोळ्या, गरोदरपण, केलॉइड (जखमेवर वाढणारा जाड वण), सगळं विचारलं. पोकळ सुईचं पाकीट माझ्यासमोर फोडलं. दागिन्याची दांडी एफ-१३६ टायटॅनियमची (शरीरात बसवायच्या दर्जाचं), सूज येणार म्हणून जरा लांब.

रक्तातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस बीची लस मात्र मी आधीच पूर्ण केली होती: पहिला डोस, मग १ महिन्यानं, आणि पहिल्यापासून ६ महिन्यांनी तिसरा. आमच्या लहानपणी ती सरसकट देत नव्हते.

भरून यायला ६ ते १२ महिने लागतात. वरून छान दिसतं, आत कच्चंच असतं. मेडिकलमधलं ०.९ टक्क्याचं सलाईन गॉजवर घेऊन खपली भिजवायची, नखानं काढायची नाही. डेटॉल, खोबरेल, हळद बंद. (आईला 'पुरळ आलंय' सांगितलं होतं, त्यामुळे हळदीचा आग्रह रोज!)

खरी परीक्षा ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर लोकलची. लेडीज डब्यातली रेटारेटी, आडव्या पट्ट्याची बॅग, आणि पावसात भिजलेली ब्रा दिवसभर अंगावर. जुलैत एका बाजूला लाली, ठणका, हिरवट पू. मैत्रीण म्हणाली, काढून टाक. स्किनच्या डॉक्टरबाईंनी उलट सांगितलं: दांडी काढली की तोंड बुजतं, पू आत अडकून गळू होतं. अँटिबायोटिकनं उतरलं. मग छोटी दांडी बसवली, तेव्हापासून कपड्यात अडकणं थांबलं.

मी खूश आहे. पण वर्ष-दोन वर्षांत मूल हवं असेल तर आत्ता टोचू नका. अंगावर पाजताना दागिना काढावाच लागतो, आणि नवं भोक बुजायला वेळ लागत नाही.