फ्यूजमधलं एसिंक डायरेक्ट आयओ: आठ महिने वापरल्यावर

आठ महिन्यांपूर्वी मी माझ्या फ्यूज ड्रायव्हरमधली एक ओळ खोडली. फ्यूज म्हणजे लिनक्स कर्नलच्या बाहेर, साध्या प्रोग्रॅममध्ये (इथे तोच माझा ड्रायव्हर) फाइलसिस्टीम लिहिण्याची सोय. त्यासाठीच्या लिबफ्यूज ३ या लायब्ररीत एसिंक डायरेक्ट आयओची (कॅश टाळून होणाऱ्या रीड-राइटचे तुकडे एकमेकांसाठी न थांबता पाठवण्याची) कॅपॅबिलिटी कर्नल देत असेल तर आपोआप चालू होते, आणि माझी ओळ तिला मुद्दाम बंद करत होती. कधीतरी भीतीपोटी मीच लिहिली होती. आता वाटतं, ती भीती अगदीच अनाठायी नव्हती.

माझी फाइलसिस्टीम साधी आहे. ब्लॉक नेटवर्कपलीकडच्या ऑब्जेक्ट स्टोअरमध्ये, मध्ये माझा ड्रायव्हर, आणि वर एक डेटाबेस, जो फाइल ओ डायरेक्ट या फ्लॅगने उघडून पेज कॅशला (कर्नलने मेमरीत ठेवलेल्या फाइलच्या प्रतीला) बगल देतो. जुन्या पद्धतीत कर्नल मोठ्या रीडचे तुकडे पाडतो आणि एक तुकडा पाठवून त्याचं उत्तर येईपर्यंत थांबतो. १२८ केबीचे तुकडे धरले तर १ एमबीच्या रीडचे आठ होतात. एका फेरीला २० मिलिसेकंद लागले तर आठ फेऱ्यांचे १६०. एसिंक केल्यावर आठही तुकडे एकदम निघतात आणि काम साधारण एका फेरीत उरकतं. ही सोय लिनक्स ३.१० पासून, म्हणजे २०१३ पासून आहे. गंमत म्हणजे अ‍ॅप्लिकेशनने साधा, थांबून राहणारा रीड केला तरी फायदा मिळतो, कारण तुकडे समांतर पाठवायचं काम कर्नल स्वतःच करतो.

पहिल्या आठवड्यात मी खूश होतो. मग ४ एमबीचे रीड मोजायला घेतले आणि आकडे जुळेनात. बत्तीस तुकडे, तरी वेळ तीन फेऱ्यांचा. एसिंक तुकडे कर्नलच्या हिशेबात बॅकग्राउंड रिक्वेस्ट असतात आणि त्यांची मर्यादा मुळात १२ असते. बारा, बारा आणि आठ. सिसएफएसमध्ये (कर्नलच्या सेटिंग्ज फाइलींच्या रूपात दिसतात ती जागा) फ्यूजच्या कनेक्शन्स डिरेक्टरीत प्रत्येक माउंटसाठी एका क्रमांकाची डिरेक्टरी असते, तिथे मॅक्स बॅकग्राउंड नावाची फाइल आहे. तो आकडा वाढवला आणि फरक लगेच दिसला. शेजारच्या वेटिंग फाइलवर (किती रिक्वेस्ट ताटकळत आहेत ते सांगणाऱ्या) नजर ठेवायची सवय मला तेव्हापासून लागली. नेटवर्क मेलं आणि प्रोसेस डी स्टेटमध्ये (आयओची वाट पाहत, हलवता न येणाऱ्या झोपेत) अडकल्या की त्याच डिरेक्टरीतली, कनेक्शन तोडणारी अबॉर्ट फाइल कामी येते.

लिनक्स ४.२० पासून एक रिक्वेस्ट १ एमबीपर्यंत मोठी करता येते. मी हौसेने केली आणि १ एमबीचे रीड उलट मंदावले! तुकडाच एक उरला, मग समांतर चालणार काय? माझा ड्रायव्हर ती रिक्वेस्ट आतून फोडत नव्हता. आता फोडतो, आणि कर्नलच्या फेऱ्याही कमी झाल्या. पण तुमच्या ड्रायव्हरला हे जमत नसेल, तर मोठ्या रिक्वेस्टच्या मोहात पडू नका.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो नावातल्या गोंधळाने. अ‍ॅप्लिकेशनचं ओ डायरेक्ट वेगळं आणि ड्रायव्हरने ओपनच्या उत्तरात लावलेला डायरेक्ट आयओ फ्लॅग वेगळा. मला वाटायचं, दुसरा लावला की काम झालं. पण तो लावलेल्या फाइलवर साधा सिंक्रोनस रीड आला, की तुकडे पुन्हा एकामागून एक जातात. तिथे समांतरपणा हवा तर अ‍ॅप्लिकेशननेच ओ डायरेक्टने उघडून खरं एआयओ (असिंक्रोनस, उत्तरासाठी न थांबणारं आयओ) करायला हवं. त्यात तो फ्लॅग असताना शेअर्ड एममॅप (फाइल थेट मेमरीत जोडून घेणं) जुन्या कर्नलवर ईनोडेव्ह ही एरर देऊन मोडतो. माझं एक इंडेक्सिंगचं टूल त्यात अडकलं आणि मी अर्धा दिवस डिस्कलाच शिव्या घालत बसलो. शेवटी फ्लॅग काढला, ओ डायरेक्ट डेटाबेसवर सोडलं, सगळं सरळ झालं.

आता माझी स्वतःची चूक. रिक्वेस्टची उत्तरं नंतर, दुसऱ्या थ्रेडमधून द्यायची म्हणून मी राइट कॉलबॅकमध्ये (राइट आला की लिबफ्यूज हाक मारतं त्या फंक्शनमध्ये) मिळालेला बफरचा पॉइंटर (डेटाचा मेमरीतला पत्ता) तसाच रांगेत टाकला. कॉलबॅक संपला की लिबफ्यूज तो बफर पुढच्या रिक्वेस्टसाठी वापरतं. एका वेळी एकच राइट येत होता तोवर कुठे काही बिघडलं नाही. एसिंक झाल्यावर एका ब्लॉकमध्ये दुसऱ्याच ब्लॉकचा मजकूर दिसायला लागला. चाचणीच्या डेटावरच घडलं म्हणून वाचलो. आता कॉलबॅकमध्येच कॉपी करतो. तुकडे क्रमानेच येतील असं गृहीत धरलेलं माझं ‘पुढचा ऑफसेट’ असलेलं चलही तेव्हाच गेलं.

चुका कळवण्याची रीतही बदलते. आधी तिसऱ्या तुकड्यात एरर आली तर पहिल्या दोन तुकड्यांचे बाइट तरी मिळायचे. आता एकाही तुकड्याला एरर आली की सगळा रीड एरर देतो. आणि मधला तुकडा अपुरा आला तर निकाल तिथपर्यंतचाच, त्यापुढचे तुकडे पूर्ण आले असले तरी वाया. टाइमआउट झाला की जेवढे बाइट हाती आहेत तेवढे परत द्यायचे, ही माझी जुनी युक्ती इथे महाग पडली. त्याऐवजी ड्रायव्हरमध्येच पुन्हा प्रयत्न करतो.

राइटच्या बाबतीत एक मर्यादा अजून खटकते. फाइलचा आकार वाढवणारा राइट असिंक्रोनस होत नाही, एआयओ असलं तरी सबमिट करणारा कॉल तिथेच थांबतो. लॉगसारख्या सतत वाढणाऱ्या फाइलला म्हणूनच काही फायदा दिसत नव्हता. ड्रायव्हरमध्ये फॅलोकेट (फाइलसाठी जागा आधीच राखणारा कॉल) लिहिलं, जागा आधीच वाढवून घेतली आणि प्रश्न मिटला. छोट्या छोट्या फाइलींच्या कामात मात्र मला काडीचाही फरक दिसला नाही. तिथे तुकडेच पडत नाहीत, पेज कॅशच बरी.

ती ओळ मी परत घातलेली नाही. पुढचं काम लिनक्स ६.१४ मध्ये आलेल्या आयओ-युरिंगवरच्या (कर्नल आणि प्रोग्रॅममधल्या सामायिक रांगांवर चालणाऱ्या) फ्यूजचं, पण त्याआधी रांगेतला प्रत्येक पॉइंटर पुन्हा एकदा तपासणार आहे.