फायबर बॉडीची गाडी घरच्या मांगरात दुरुस्त केली: नऊ महिने आणि एक पावसाळा वापरल्यानंतरचा अनुभव

मार्चमध्ये गाडीला रंगाचा शेवटचा हात लागला तेव्हाच हे लिहायला घेतलं होतं, पण अर्ध्यावर ठेवलं. कोकणात कुठलीही दुरुस्ती टिकली की नाही हे एक पावसाळा काढल्याशिवाय बोलू नये. आता डिसेंबर आहे. गाडी नऊ महिने वापरात आहे, त्यातले चार महिने धो धो पावसात. काय टिकलं आणि काय फसलं ते आता नीट दिसतंय.

गाडी सॅन स्टॉर्म. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आपल्याकडे आलेली दोन सीटांची स्पोर्ट्स कार, रेनोचं ११४९ सीसी इंजिन, आणि बॉडी फायबरची, म्हणजे रेझिनमध्ये (घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात) बसवलेल्या काचेच्या धाग्यांची. मला ती गेल्या वर्षीच्या आधीच्या मे महिन्यात मिळाली. घर देवगडजवळ, खाडीपासून हाकेच्या अंतरावर. गाडी मांगरात, म्हणजे घराजवळच्या शेडमध्ये, ठेवली आणि पहिल्याच रात्री बॅटरी घेऊन तिच्याभोवती दोन तास फिरलो. इतकी देखणी गाडी आपल्या दारात उभी आहे यावर विश्वास बसत नव्हता.

मूळ बॉडी दमदार आहे. इतक्या वर्षांनी बॉनेट आणि छत अजून खणखणीत वाजतात. बिघडवलं होतं ते मधल्या काळातल्या दुरुस्त्यांनी. कुठल्याशा गॅरेजात दारांच्या बिजागऱ्यांजवळच्या भेगांवर नुसती लांबी (पुट्टी) थापून वरून रंग मारला होता. मागच्या चाकावरच्या कमानीत तर बोटभर जाड लांबी निघाली. पत्र्याच्या गाडीचा पोचा काढणारा कारागीर फायबरलाही तसंच वागवतो. पण फायबरची भेग ही वरच्या रंगाची भेग नसते, आतले काचेचे धागे तुटलेले असतात. धाग्याला धागाच जोडावा लागतो. लांबी नुसती झाकते, ओढ सोसत नाही.

नाणं वाजवून बघायची रीत मला आमच्या बंदरातल्या काकांनी शिकवली. ते आयुष्यभर लाकडी होड्यांना फायबर मारत आले. एक रुपयाचं नाणं घ्यायचं आणि बॉडीवर दोन-दोन बोटांच्या अंतराने हलकेच ठोकत जायचं. चांगल्या जागी टणक आवाज येतो. थर सुटलेले असतील किंवा आत पाणी असेल तिथे थप् असा बसका. बसका आवाज आला की सुताराच्या पेन्सिलीने गोल करायचा. अशी अख्खी गाडी वाजवली तेव्हा सतरा गोल निघाले आणि त्यातले अकरा दाराच्या खालच्या पट्ट्यात होते. काकांनी तिथे कोपऱ्यातला रंग खरवडला, अंगठा दाबून पाहिला आणि म्हणाले, "ह्येना पाणी पिलेलां आसा. आधी सुकव, मगे बघू."

मी ऐकलं नाही. गेल्या वर्षी जुलैमध्ये मासेमारी बंद, काका मोकळे, मलाही सुट्टी होती. बाहेर पाऊस, मांगरात हायग्रोमीटर (हवेतला ओलावा मोजायचं यंत्र) ९० टक्क्यांच्या वर, आणि मी एपॉक्सी (हार्डनर मिसळला की घट्ट होणारं रेझिन) लावायला बसलो. सकाळी पॅचवर मेणचट, तेलकट थर आलेला. त्याच्यावरच दुसरा थर चढवला, तो चार दिवसांनी नखाने सोलून निघाला. एपॉक्सीच्या हार्डनरमधला अमाइन हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी मिसळतो, त्यातून हा थर तयार होतो. तो साध्या पाण्याने आणि घासणीने धुऊनच काढायचा असतो. धुण्याआधी पॉलिश पेपर मारला तर मेण आणखी आत चोळलं जातं. मी नेमकं तेच केलं होतं. सगळं घासून काढलं आणि नोव्हेंबरपर्यंत हात लावला नाही.

फायबरच्या गाडीवर इंग्रजीत माहितीची कमी नाही. १९५३ साली शेव्हरोलेने कॉर्व्हेटच्या पहिल्या ३०० गाड्या फायबर बॉडीच्या काढल्या, १९५७ मध्ये लोटसने एलीट आणली तिचा सांगाडासुद्धा फायबरचाच होता. तेव्हापासून तिकडे घरोघरी हे काम चालतं आणि भेग कशी उघडायची, काचेच्या धाग्यांचं कापड कसं बसवायचं हे सगळं तिथून शिकता येतं. पण समुद्राकाठी, खाऱ्या वाऱ्यात हे काम करताना निम्मा वेळ ओलाव्याशी झगडण्यात जातो. तो धडा मला होडीवाल्याकडूनच मिळाला.

नोव्हेंबरमध्ये वारा फिरला आणि सुकवणं सुरू केलं. बसक्या आवाजाच्या सगळ्या जागांचा रंग आणि वरचा जेलकोट (रेझिनचा बाहेरचा गुळगुळीत थर) ग्राइंडरने काढला. आधी सगळी बॉडी विहिरीच्या गोड्या पाण्याने तीनदा धुतली, कारण मीठ आत राहिलं तर ते रंगाखाली पाणी ओढत राहतं आणि फोड येतात. आमच्या खालच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, म्हणून वरच्या वाडीतून कळशा आणल्या. मग दिवसा ऊन, रात्री हॅलोजनचे दोन दिवे तीन फुटांवरून. सुकलं का ते बघायला जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा वीतभर चौकोन चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवायचा. पहिल्या आठवड्यात सकाळी प्लॅस्टिकच्या आतल्या अंगाला दव पडल्यासारखे थेंब दिसायचे. ते बोटाने ढकलले की ओघळायचे. नुसतं धुकं दिसायला पंधरा दिवस लागले आणि कोरडं ठाक व्हायला जवळजवळ महिना. ज्याला हे काम कोकणात करायचं आहे त्याने हा महिना सोडू नये, एवढं मी हात जोडून सांगतो.

आता बिजागऱ्यांकडे येतो, कारण सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते तिथे. दार उघडलं की ते दोन बोटं खाली बसायचं आणि खांबावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा. भेग उघडत आत गेलो तर फायबरच्या थरांत गाडलेली लोखंडी पट्टी सापडली. तिची पापुद्र्यांची चळत झाली होती. फायबर गंजत नाही हे खरं, पण त्याच्या पोटातलं लोखंड गंजतं, फुगतं, आणि आतून थर फाडतं. म्हणजे वरून कितीही कापड लावलं तरी भेग पुन्हा येणारच होती. पट्टी छिन्नीने काढली आणि त्याच मापाची ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची करून घेतली. ३०४ स्वस्त पडते, पण खाऱ्या हवेत ३१६ जास्त टिकते. स्टेनलेसच्या गुळगुळीत अंगाला रेझिन धरत नाही, म्हणून पट्टी ४० नंबरच्या पेपरने आडवी-उभी खरवडली, थिनरने पुसली आणि पुसल्यावर बोट लागू दिलं नाही. भेगेच्या दोन्ही बाजूंना फायबर इतकं तिरकं घासलं की एक मिलीमीटर जाडीला बारा मिलीमीटर उतार मिळाला. त्या उतारात कापडाचे तुकडे लहान-मोठ्या मापाचे, एकावर एक बसवले. नऊ महिने झाले, दार आजही एका बोटाने लागतं.

इथे मी एपॉक्सी आणि विणलेलं कापड वापरलं. सगळ्या बॉडीला नाही. बॉनेटच्या आतला भाग, डिकीचा तळ अशा मोठ्या पण कमी ओढ असलेल्या जागी पॉलिएस्टर रेझिन आणि चौरस मीटरला ४५० ग्रॅमची मॅट (न विणलेल्या, तुटक काचधाग्यांची चादर). पॉलिएस्टर बरंच स्वस्त असतं आणि होडीच्या कामात सगळे तेच वापरतात. पण दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. पॉलिएस्टरवर एपॉक्सी चालते, एपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही, त्यामुळे क्रम आधी ठरवा. आणि साधी मॅट एपॉक्सीसोबत वापरू नका. मॅटमधले धागे ज्या चिकटद्रव्याने धरलेले असतात ते पॉलिएस्टरमधल्या स्टायरिनने विरघळतं. एपॉक्सीत ते विरघळत नाही, मग मॅट वळणावर ताठच राहते आणि खाली हवा अडकते.

पॉलिएस्टरचा कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करणारं द्रावण) आणि हार्डनर वेगवेगळ्या बाटल्यांत मिळाले तर ते दोन्ही थेट एकमेकांत कधीही ओतू नका. भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मगच हार्डनर. आमच्याकडच्या उन्हात हार्डनर वजनाने एक टक्का पुरतो, दोन टक्के घातला की ब्रश मगातच अडकतो. एपॉक्सीही एका वेळी दीड-दोनशे ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नये. एकदा घाईत अर्धा किलो उभ्या मगात कालवली, दहा मिनिटांत मग इतका तापला की धूर निघाला आणि तळ वितळला. तेव्हापासून कालवलं की लगेच पसरट ट्रेमध्ये ओततो, वजन स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर करतो.

धुळीबद्दल कळकळीने लिहितोय. फायबर घासताना उडणारी काच डोळ्यांना दिसत नाही. साधा कापडी रुमाल काही कामाचा नाही. धुळीसाठी वेगळं फिल्टर आणि रेझिनच्या वासासाठी कार्बनचं कार्ट्रिज असलेला मास्क घ्या, पूर्ण बाह्या, हातमोजे, गॉगल. काम झाल्यावर आधी गार पाण्याने अंग धुवा. माझे कामाचे कपडे एकदा चुकून घरच्या धुण्यात गेले आणि आईला चार दिवस मानेवर खाज सुटली होती. तेव्हापासून ते कपडे मांगराबाहेर वेगळ्या बादलीत. टू-के रंग (हार्डनर मिसळून मारायचा दोन भागांचा रंग) मात्र मी स्वतः मारला नाही. त्यातल्या आयसोसायनेटसाठी बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो आणि तो माझ्याकडे नव्हता. घासणं, प्रायमर, गाइड कोटवर (उंचसखल दिसावं म्हणून मारलेल्या पातळ रंगावर) लांब पट्टीने समतल करणं एवढं मी केलं, रंग कणकवलीत बूथमध्ये मारून घेतला. रंग फिकट बदामी निवडला. गडद रंग उन्हात फार तापतो आणि तापलेलं फायबर खालच्या कापडाची वीण वर दाखवतं.

फिकट रंगातही ते थोडं झालंच. मे महिन्याच्या उन्हानंतर बॉनेटवर तिरक्या प्रकाशात विणीची पुसट जाळी दिसायला लागली. रेझिन पूर्ण पक्कं व्हायच्या आधी रंग मारला, नंतर उन्हाने ते आणखी आकसलं. प्रायमर मारून गाडी दोन-तीन आठवडे उन्हात सोडायची, पुन्हा घासायची, आणि मग रंग, असं करायला हवं होतं. घाई माझी होती.

ऑगस्टमध्ये डाव्या दाराखालच्या पट्ट्यात तीन फोड आले, मोहरीएवढे. एक सुईने फोडला तर आतून चिकट पाणी आलं आणि त्याला व्हिनेगरसारखा आंबट वास. होडीच्या तळाला येतात तेच हे फोड: आत राहिलेला ओलावा रेझिनमधले घटक विरघळवतो आणि मग आणखी पाणी ओढून घेतो. त्या पट्ट्यावर प्लॅस्टिकची चाचणी मी एकाच जागी केली होती. बाकी सोळा जागी काहीही आलेलं नाही.

मागच्या उजव्या कमानीत केसाएवढी रेघ आहे. तिथे आकार जुळवायला मी स्वतःच चार मिलीमीटर लांबी भरली. दुसऱ्याच्या बोटभर लांबीवर इतकं बोलल्यावर हे मान्य करणं भाग आहे. दोन मिलीमीटरच्या वर जायचंच असेल तर खाली आणखी एक थर कापड द्यावं.

विजेबद्दल थोडं. फायबरमधून करंट जात नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याला अर्थची वेगळी वायर चॅसीपर्यंत न्यावी लागते. खाऱ्या हवेत ती जोडणी आधी सडते. माझे मागचे दिवे जुलैत मिणमिणायला लागले, दोन दिवस बल्ब बदलत बसलो, दोष अर्थच्या नटात निघाला. आता सगळे नट घासून, घट्ट करून वरून ग्रीस. चॅसी लोखंडीच आहे, तिची दर सहा महिन्यांनी खालून पाहणी करतो, कारण बॉडी तुकतुकीत दिसली की खालच्या गंजाकडे लक्ष जात नाही.

खर्च विचाराल तर रेझिन, कापड, पेपर, मास्क आणि स्टेनलेसच्या पट्ट्या मिळून माझे चाळीस हजारांच्या आत गेले, रंग वेगळा. वेळ मात्र शनिवार-रविवार धरून पाच महिने. हाताने काम करायची आवड आणि मोकळी, वारा येणारी जागा असेल तर नक्की करा. पावसाळ्यात सुरू करू नका. एपॉक्सी-कापडाच्या कामावर मी पूर्ण समाधानी आहे, पॉलिएस्टर-मॅटवर कमी ओढीच्या जागेपुरता, आणि लांबी यापुढे मी फक्त पॉलिश पेपरच्या ओरखड्यांसाठी वापरणार.

गेल्या महिन्यात विजयदुर्गला जाऊन आलो. रस्त्यातल्या खड्ड्यांवर पूर्वी दारातून कर्र आवाज यायचा, आता येत नाही. येत्या रविवारी मागची कमान उघडायची आहे. काकांनी कापडाचे तुकडे कापून तयार ठेवायला सांगितलंय आणि कमानीवर प्लॅस्टिकचे चार चौकोन मी कालच चिकटवलेत.