स्कुबाचा ओपन वॉटर कोर्स, मुरुडेश्वर (कर्नाटक): फी 28,000, खिशातून गेले 55,400

आधी रेटिंग देऊन टाकते, 5 पैकी 4. कापलेला एक स्टार शिकवण्यासाठी नाही, पैशाचं आधी नीट न सांगण्यासाठी आहे. सेंटरचं नाव लिहीत नाहीये, कारण खोटं कुणी बोललं नाही. विचारलं की सगळं सांगतात हो, पण पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाला नेमकं काय विचारायचं तेच माहीत नसतं ना.

सुरुवात मालवणपासून झाली. दोन वर्षांपूर्वी सगळे मिळून गेलो होतो तेव्हा सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ ते पंधरा-वीस मिनिटांचं स्कुबा केलं, तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी केलं असेल. मजा येते, नाही असं नाही. पण त्यात तुम्ही काहीच करत नसता, मागून एक मुलगा सिलेंडरला धरून तुम्हाला फिरवतो, व्हिडिओसाठी मासे जवळ आणतो आणि तुम्ही अंगठा दाखवायचा की बोट गोल करायचं एवढाच गोंधळ घालता (अंगठा वर म्हणजे "मला वर घेऊन चला", मस्त चाललंय असं नाही, मी तीनदा वर आले). हजाराच्या आत काम झालं आणि माझ्या डोक्यात बसलं की स्कुबा म्हणजे स्वस्त प्रकरण. ते चूक. मालवणचा तो अनुभव आणि सर्टिफिकेटचा कोर्स यात रिक्षात मागे बसणं आणि लायसन्स काढणं एवढा फरक आहे.

ओपन वॉटर म्हणजे पहिलं लायसन्स. थिअरी, मग पूलमध्ये किंवा उथळ पाण्यात सराव, मग समुद्रात चार डाइव्ह, आणि कार्ड मिळालं की जगात कुठेही जोडीदाराबरोबर 18 मीटरपर्यंत जाता येतं. मुरुडेश्वर निवडलं कारण ठाण्याहून मत्स्यगंधा एक्सप्रेसने झोपून जाता येतं, विमानाचा खर्च नाही. आणि समोर नेत्राणी बेट आहे, बोटीने तासा-दीड तासावर, पूर्वी नौदल गोळीबाराच्या सरावाला वापरायचं ते. बोट निघाली की बराच वेळ मागे ती 123 फुटी शंकराची मूर्ती दिसत राहते, घरी कुणीतरी दारात उभं राहून बघतंय असं वाटतं.

आता पैसे. कोर्सची फी 28,000, त्यात ऑनलाइन थिअरी, पूल, बोट, चार डाइव्ह, सगळं भाड्याचं सामान आणि कार्ड. माझ्या मते ही रक्कम वाजवी आहे, आम्ही चौघं शिकणारे आणि दोन इन्स्ट्रक्टर होते, कुठेही घाई नव्हती. बाकीचे 27,400 कुठे गेले ते बघा.

पोहणं. कोर्समध्ये न थांबता 200 मीटर पोहायचं आणि 10 मिनिटं नुसतं तरंगायचं असतं. वेळेचं बंधन नाही, कुठलाही स्ट्रोक चालतो, पण लहानपणी विहिरीत शिकलेलं माझं पोहणं 50 मीटरला संपायचं. म्हणून महापालिकेच्या तलावात दोन महिने बॅच लावली, 2,400. हा खर्च सगळ्यात सत्कारणी लागला, ज्यांना पोहता येतं त्यांचा तेवढा वाचला.

डॉक्टर. एक मेडिकल फॉर्म असतो, दमा, सायनस, कानाचं ऑपरेशन, बीपी असं सगळं विचारतात, आणि ठरावीक ठिकाणी "हो" लिहिलंत की डॉक्टरची सही लागते. मला लहानपणी दमा होता. मैत्रीण म्हणाली अगं नाही लिही ना, कोण बघतंय. पण पाण्याखाली छाती आणि कान यांच्याशी खोटं बोलून चालत नाही, म्हणून फुफ्फुसाची टेस्ट आणि ईएनटी मिळून 1,900 घातले. फॉर्म आधीच मागवून घ्या. आमच्यातल्या बेंगळुरूच्या मुलाने तिथे पोचून भरला, एक "हो" आला आणि बिचारा अर्धा दिवस भटकळला डॉक्टर शोधत फिरला.

मास्क. इथे मी स्वतःच्या हाताने पैसे बुडवले. मला उणे साडेचारचा चष्मा आहे, म्हणून मुंबईत नंबरच्या काचांचा मास्क बनवून घेतला, 5,200. तिथे गेले तर सेंटरच्या कपाटात नंबरचे मास्क रांगेने लावलेले, उणे चार होता, भाडं शून्य! पाण्यात तसंही सगळं थोडं मोठं आणि जवळ दिसतं, उणे चारवर आरामात भागलं असतं. फोनवर तीन वेळा बोलले होते, चष्म्याचं त्यांनीही विचारलं नाही, मीही नाही. स्टार मुख्यतः इथेच कापला.

हॉटेल. चार रात्रींचं बुकिंग होतं, तिसऱ्या दिवशी वारा सुटला आणि बोट अर्ध्यातून परत आणली. निर्णय शंभर टक्के बरोबर होता, दुसऱ्यांदा बोट नेली त्याचे वेगळे पैसेही घेतले नाहीत, पण पाचवी रात्र माझ्या खिशातून. पाच रात्रींचे 9,000, जेवण-रिक्षा 4,500, रेल्वे येऊन-जाऊन 2,900. "एखादा दिवस हातात ठेवून या" एवढं वाक्य बुकिंगच्या मेसेजमध्ये टाकायला काय जातं? अंदमानला जाणाऱ्यांनी तर अजून एक दिवस धरा, कारण सलग डाइव्ह केल्यावर निदान 18 तास विमानात बसायचं नसतं, म्हणजे शेवटचा दिवस कोरडा आणि हॉटेलचं बिल चालू.

फोटो-व्हिडिओ 1,500. घेऊ नका असं म्हणणार होते पण आईला दाखवायला उपयोगी पडले. तिचं आधीपासून एकच, "बुडायला एवढे पैसे भरतात होय गं?"

शिकवण्याबद्दल मात्र बोलायला जागा नाही. सगळ्यात अवघड म्हणजे मास्कमध्ये मुद्दाम पाणी भरून नाकाने फुंकून बाहेर काढणं, पूलमध्ये मी दोनदा घाबरून उभी राहिले, इन्स्ट्रक्टर पोरगा एकदाही वैतागला नाही, "मॅडम, टाइम है, ट्राय अगेन" इतकंच. शेवटच्या डाइव्हला 18 मीटरला गेलो तेव्हा कळलं की हवा किती भसाभसा संपते. त्या खोलीवर दाब वरच्यापेक्षा 2.8 पट असतो, म्हणजे प्रत्येक श्वासाला तितकी जास्त हवा लागते, त्यात नवीन माणूस धापा टाकतो. 200 बारचा (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप) माझा सिलेंडर 32 मिनिटांत 50 वर आला आणि माझ्यामुळे सगळ्यांना वर यावं लागलं. बाकीच्यांकडे शंभरच्या वर होते, लाज वाटली थोडी. पण त्याआधी एक कासव असं काही निवांत गेलं बाजूने की मी श्वास घ्यायलाच विसरले (विसरायचा नसतो, पहिला नियम तोच आहे).

परत आल्यावर सामान घ्यायची खाज सुटते. नवऱ्याने रात्री मला डाइव्ह कॉम्प्युटरच्या (पाण्याखाली खोली आणि वेळ मोजणारं घड्याळासारखं यंत्र) किमती बघताना पकडलं, मी बघत होते ते वीस हजारांच्या पुढचेच होते. रेग्युलेटर (सिलेंडरमधली हवा तोंडात देणारं यंत्र) आणि बीसीडी (हवा भरून तरंगायचं जॅकेट) तर घेऊच नका इतक्यात, दरवर्षी सर्व्हिसिंग आलं, विमानात वजन आलं, आणि वर्षातून चार डाइव्हसाठी भाड्याचंच परवडतं. मास्क तोंडाला नीट बसणारा स्वतःचा असावा एवढंच मी म्हणेन, तोही सेंटरचं कपाट बघून झाल्यावर.

रजा कमी असेल तर थिअरी आणि पूल आपल्या शहरात उरकून फक्त समुद्रातल्या चार डाइव्हसाठी दुसरीकडे जाता येतं, त्याला रेफरल म्हणतात, एकूण पैसे फार कमी होत नाहीत पण दोन रात्री वाचतात. मला हे कोर्स संपल्यावर कळलं.

अजून एक राहिलं. कार्ड एक्स्पायर होत नाही, पण बरेच महिने पाण्यात उतरला नाहीत तर सेंटरवाले आधी रिफ्रेशर करा म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे. मला आता अकरा महिने झालेत, फोन केला तर 4,000 सांगितले. ह्या वेळी सगळं विचारलं, अगदी मास्कसकट. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्याचं मत्स्यगंधाचं तिकीट काढलंय, वेटिंग 14 आहे.