गव्ह डॉट यूकेचं सर्व्हिस मॅन्युअल आणि डिझाइन सिस्टिम : आपल्याकडच्या सरकारी फॉर्मसाठी वापरून बघितलं, त्याचा रिव्ह्यू

मी पुण्यात असते आणि सरकारी ऑनलाइन सेवांसाठी यूजर रिसर्चची टीम सांभाळते. म्हणजे फॉर्म खऱ्या माणसासमोर ठेवायचा, तो कुठे अडतो ते मधे न बोलता बघायचं, आणि मग डेव्हलपर आणि साहेब लोकांनाही ते बघायला बसवायचं, आणि हे शेवटचं काम सगळ्यात अवघड. गेल्या काही वर्षांत मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे ब्रिटनच्या सरकारी वेबसाइटवाल्यांनी फुकट ठेवलेलं, ऑनलाइन सेवा कशी बनवायची ते सांगणारं हे मॅन्युअल आणि त्याच्या जोडीचं डिझाइन सिस्टिम, म्हणजे बॉक्स, बटणं अशा फॉर्मच्या तयार भागांचा संच.

थोडी पार्श्वभूमी सांगते. त्यांच्याकडे 2011 मध्ये गव्हर्नमेंट डिजिटल सर्व्हिस नावाची टीम उभी राहिली, 2012 मध्ये गव्ह डॉट यूके ही सरकारी वेबसाइट सुरू झाली आणि 2013 मध्ये तिला लंडनच्या डिझाइन म्युझियमचा डिझाइन ऑफ द इयर पुरस्कार मिळाला. डिझाइन सिस्टिम 2018 चं. दिसायला अगदी साधी साइट, पांढऱ्या पानावर मोठी काळी अक्षरं, बघून कुणी वा म्हणणार नाही. पण प्रत्येक साध्या गोष्टीच्या मागे कुणीतरी माणसांना अडखळताना बघितलेलं आहे आणि काय बघितलं ते लिहूनही ठेवलंय, मला तर हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

उदाहरण द्यायचं तर आकड्यांचा बॉक्स. त्यासाठी ब्राउझरमधे फक्त आकडे घेणारा तयार बॉक्स असतो, त्याला नंबर टाइप म्हणतात, सगळे तोच वापरतात, पण त्यात माउसचं चाक फिरलं की भरलेला आकडा नकळत बदलू शकतो, म्हणून 2020 मध्ये त्यांनी तो काढून साधा टेक्स्ट बॉक्स केला आणि का केला ते जाहीर लिहिलं. तसंच लोकांनी आकड्यांत स्पेस दिली तर चालवून घ्या, असंही ते सांगतात. आता आपल्या आधार कार्डवर नंबर चार चार आकड्यांच्या गटात छापलाय, माणूस बघून तसाच टाइप करतो, आणि कित्येक फॉर्म लगेच लाल अक्षरात ओरडतात. आम्ही एका फॉर्ममधे स्पेस चालू दिली, कोडच्या दोनचार ओळी फक्त, आणि त्या जागी थांबून मदत मागणारे लोक पुढच्या चाचणीत पटापट पुढे गेले.

नावाचंही तसंच. शक्यतो एकच बॉक्स द्या म्हणतात ते. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव, त्यात एका कागदावर आडनाव आधी तर दुसऱ्यावर शेवटी, लग्नानंतर बाईचं पहिलं नावसुद्धा बदललेलं. आम्ही एकच बॉक्स ठेवला आणि वर लिहिलं, आधार कार्डवर आहे तसंच लिहा. एवढ्याने बराच गोंधळ मिटला.

जन्मतारखेला मात्र मॅन्युअल पुरलं नाही. दिवस, महिना, वर्ष असे तीन वेगळे बॉक्स द्या हा त्यांचा सल्ला चांगलाच आहे, कॅलेंडर उघडून 1958 पर्यंत मागे जाण्यापेक्षा कितीतरी बरा. पण आमच्यासमोर बसलेल्या आजींच्या कार्डवर फक्त जन्मवर्ष होतं. शाळेत गुरुजींनी 1 जून लावून दिलेली पिढी आपल्याकडे आहेच, आणि या आजी तर शाळेतच गेल्या नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मला फार वाईट वाटलं. त्याच संध्याकाळी आम्ही 'फक्त वर्ष माहीत आहे' हा पर्याय टाकायला सांगितला.

सगळ्यात मोठा फरक सेवा केंद्रावर कळला. फॉर्मच्या एका पानावर एकच प्रश्न ठेवून सुरुवात करा, हा त्यांचा प्रसिद्ध नियम. मोबाइलवर स्वतः भरणाऱ्याला तो खरंच सोपा जातो. पण तालुक्याच्या गावी एका केंद्रात आम्ही दोन दिवस बसलो, तर फॉर्म भरणारा होता केंद्रचालक, बाहेर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांग, तो टॅब दाबत दाबत न बघता भरत जातो, त्याला प्रत्येक प्रश्नाला 'पुढे' हे बटण दाबायला लावणं म्हणजे रांगेतल्या सगळ्यांचा वेळ खाणं. आणि ओटीपी जातो चाकणला कंपनीत असलेल्या मुलाच्या फोनवर, तो शिफ्टवर असला की सगळं थांबलं. मॅन्युअलमधे मदत घेऊन भरणाऱ्यांचा विचार आहे, पण मदत करणाराच रोजचा मुख्य यूजर असतो हे त्यात नाही. शेवटी आम्ही दोन रूपं केली, मोबाइलला एकेक प्रश्न आणि केंद्राला एक लांब पान.

पण केंद्रात जाऊन बसायचं हे मॅन्युअलनेच शिकवलं ना! टीममधल्या प्रत्येकाने दर सहा आठवड्यांत किमान दोन तास खऱ्या लोकांना बघावं, हे त्यांचं म्हणणं मी आमच्या मीटिंगमधे अक्षरशः हट्टाने लावून धरलं. एक डेव्हलपर नाखुशीने आला होता, त्या आजींना बघितल्यावर पुढच्या वेळी स्वतःहून गाडीत येऊन बसला.

मुलाखतीबद्दलचा भागही नीट वाचा. परीक्षा तुमची नाही, फॉर्मची आहे, हे आधी सांगा म्हणतात ते. आपल्याकडे ते तीनतीनदा सांगावं लागतं, कारण लोक संकोचाने "छान आहे ताई" म्हणून मोकळे होतात, आणि बाईला प्रश्न विचारला की उत्तर शेजारी बसलेला नवरा देतो. आम्ही आता नवऱ्यासाठी वेगळा फॉर्म आणि वेगळी खुर्ची ठेवतो.

भाषा इंग्रजी आहे, पण सोपी. वेल्श भाषेतल्या सेवांचा विचार तिथे आहे, देवनागरी कीबोर्डवर जोडाक्षर न सापडणाऱ्या माणसाचा अर्थातच नाही, ते आपल्यालाच बघावं लागणार.

माझ्याकडून 5 पैकी 4. नवीन असाल तर यूजर रिसर्चचा विभाग आधी वाचा, तयार डिझाइनं नंतर उचला, आणि उचललेलं प्रत्येक डिझाइन एकदा तरी केंद्रावर नेऊन बघा.