फ्लुकोनाझोल की अँफोटेरिसिन?

आमच्या अण्णांचा जन्म सोलापुरात यंत्रमागावर गेला, छाती दमेकरी, त्यात स्टिरॉइडचा पंप ओढून चूळ भरायचा कंटाळा, मग जिभेवर दह्यासारखा पांढरा थर, म्हणजे कॅन्डिडा नावाची बुरशी. बुरशीवरच्या या दोन औषधांपैकी फ्लुकोनाझोल म्हणजे गोळी, स्वस्त, दिवसाला एकदाच, घरच्या घरी काम, कॅन्डिडाच्या जातींपैकी अल्बिकन्सवर बहुतेकदा चालतं पण क्रुसेईवर मुळातच चालत नाही आणि ग्लॅब्राटावर भरवसा कमी, शिवाय वॉरफरिन (रक्त पातळ करायचं औषध) चालू असेल तर जपून. अँफोटेरिसिन या दोघांवरही सहसा लागू पडतं, पण ते शिरेतून, अ‍ॅडमिट होऊन, किडनी आणि पोटॅशियमवर डोळा ठेवून, जिभेवरच्या थरासाठी कोण एवढं करतंय! माझं मत आधी गोळीच, थर हटलाच नाही तर कल्चर-सेन्सिटिव्हिटी (बुरशी कुठली नि तिच्यावर कुठलं औषध चालतं याची तपासणी) करायला डॉक्टरांना विचारा. आणि हो, नुसत्या बेडक्याच्या रिपोर्टात कॅन्डिडा आला म्हणून घाबरू नका, बऱ्याचदा तो तोंडातलाच असतो, फुफ्फुसातला नाही.