हवाईत सुट्टीसाठी घर भाड्याने घेताय? आधी हे वाचा

भारतातून आलेल्या आईवडिलांना घेऊन चार दिवस हवाईला जावं, असं अमेरिकेतल्या आपल्या बऱ्याच घरांत ठरतं. आमचंही तसंच ठरलं होतं. ओआहू बेटावर कायलुआ नावाच्या गावात पाच रात्रींसाठी घर देतो, असं सांगून एका माणसाने आमच्याकडून 2,140 डॉलर घेतले. ते घर भाड्याचं नव्हतंच. तिथे मालक स्वतः राहतात.

बाबांच्या गुडघ्यांमुळे आम्हाला तळमजला हवा होता आणि आईला स्वतःचं स्वयंपाकघर. नेमकं तसं घर एका मोठ्या साइटवर दिसलं. मालक म्हणवणारा गृहस्थ बोलायला मोठा आर्जवी. साइटचं कमिशन वाचेल, आपण व्हॉट्सअ‍ॅपवरच बोलू, असं त्याने सुचवलं. लगेच बिलही पाठवलं. त्यात साफसफाई, अनामत, राज्याचा आणि काउंटीचा निवास कर, सगळं सेंटपर्यंत मांडलेलं. मग घाई सुरू झाली: जपानचं एक कुटुंब विचारतंय, तुमच्यासाठी संध्याकाळपर्यंतच थांबतो. क्रेडिट कार्ड चालणार नाही, पैसे बँकेतून थेट पाठवा. पर्ल हार्बरला अ‍ॅरिझोना स्मारकाची तिकिटं काढून देतो म्हणून माणशी 45 डॉलर त्याने वेगळे घेतले. त्या स्मारकाला प्रवेश मोफत आहे. सरकारी साइटवर आगाऊ नोंदणीचा फक्त 1 डॉलर पडतो.

होनोलुलूला उतरून, पाली हायवेने डोंगर ओलांडून आम्ही त्या पत्त्यावर पोचलो. दाराचा म्हणून चार आकडी कोड मिळाला होता, पण दाराला साधं पितळी कुलूप. आकडे दाबायला काहीच नाही. अंगणात चाफ्याला पाणी घालत असलेल्या आजी हातातला पाइप तसाच घेऊन पुढे आल्या. आमच्या बॅगा बघूनच त्यांच्या लक्षात आलं. आमच्या आधीही काही जण असेच दारात येऊन उभे राहिले होते. हे घर विकायला निघालं होतं तेव्हाच्या जाहिरातीतले फोटो कुणीतरी उचलले होते. व्हरांड्यातून कायलुआजवळच्या समुद्रातली मोकुलुआची दोन बेटं दिसतात तो फोटो तर त्या घरातला नव्हताच. तिथून समुद्रच दिसत नाही. आजींनी बाबांना खुर्ची दिली, पाणी दिलं. आई मात्र तिला येत होतं तेवढ्या इंग्रजीत त्यांना पुन्हा पुन्हा ‘सॉरी’ म्हणत होती. पैसे गेले त्याचा राग आहेच, पण काही चूक नसताना माझ्या आईला परक्या अंगणात अपराध्यासारखं उभं राहावं लागलं, त्यासाठी मी त्या माणसाला कधीच माफ करणार नाही.

त्या रात्री मिळेल त्या दराने वायकीकीत हॉटेल घेतलं.

तिथले नियम कळले तेव्हा लक्षात आलं की असे लोक कायलुआच का निवडतात. ओआहूवर 30 दिवसांपेक्षा कमी मुदतीने घर भाड्याने देणं मुख्यतः वायकीकी, को ओलिना यांसारख्या रिसॉर्ट भागांतच कायदेशीर आहे. कायलुआ ही राहती वस्ती. तिथे जुना परवाना असलेली थोडीच घरं आठवड्यासाठी देता येतात. म्हणून तिथलं पाच रात्रींचं घर समोर आलं की पहिला प्रश्न परवान्याचा विचारा. शिवाय हवाईत अशा प्रत्येक जाहिरातीत निवास कराचा नोंदणी क्रमांक छापावा लागतो. आमच्या बिलात कर होता, क्रमांक नव्हता. क्रमांक दिलाच, तरी तो दुसऱ्याचा चोरलेला असू शकतो. राज्याच्या कर खात्याच्या साइटवर तो शोधता येतो. होनोलुलूच्या जाहिरातीत जमिनीचा नकाशा क्रमांकही लागतो, तो पत्त्याशी जुळवून बघा. फोटो गूगलच्या चित्रशोधात टाकून पाहा. विक्रीची जुनी जाहिरात बहुतेक वेळा तिथेच सापडते. आणि पैसे क्रेडिट कार्डावरच, साइटच्या आतच भरा. कार्डाच्या व्यवहारावर हरकत घेता येते. आमच्या बँकेने मात्र ‘पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत’ म्हणून हात वर केले आणि साइटने व्यवहार बाहेर झाल्याचं कारण दिलं.

होनोलुलू पोलिसांत, एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे केंद्राकडे आणि फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रारी नोंदवल्या आहेत. पैसे अजून परत आलेले नाहीत. कुणाच्या बाबतीत असं झालंच, तर तक्रारी लिहिण्याआधी त्याच तासाला बँकेला फोन करा. पैसे समोरच्या खात्यातून काढले जाण्याआधी अडवायची संधी असते, ती तेव्हाच.

गेल्या आठवड्यात तेच फोटो मला पुन्हा दिसले. आता नाव वेगळं आहे आणि घर हालेइवाचं म्हटलंय. हालेइवा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर आहे, तिथून मोकुलुआची बेटं दिसायचा प्रश्नच नाही. मी साइटला कळवलंय, पण जाहिरात अजून हटलेली नाही. पांढरा व्हरांडा, वेताच्या दोन खुर्च्या आणि मागे समुद्रात जोडीची बेटं असा फोटो समोर आला, तर त्या माणसाला एक डॉलरही पाठवू नका.